शाबाखचा वंशदाखला: एडगार राइट्झचे दोन चित्रपट आणि चर्चची नोंदवही

आजचा विषय एडगार राइट्झ या जर्मन दिग्दर्शकाच्या दोन कलाकृती असा जाहीर झाला आहे, आणि तो तसाच आहे. पण सुरुवातीला मी तुम्हाला पडद्यासमोर न बसवता एका चर्चच्या बंद दारापुढे उभं करणार आहे. तिथे उभं राहिल्याशिवाय या चित्रपटांबद्दल मला जे म्हणायचंय ते नीट पोचणार नाही.

माझी मुलगी जर्मनीत असते. जावई तिकडचेच. त्यामुळे मला एक जर्मन व्याही आहेत, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले अभियंते, माझ्याच वयाचे. निवृत्तीनंतर माणसं जे जे करतात त्यातलं त्यांनी पूर्वज शोधणं धरलं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात मी तिकडे असताना ते मला म्हणाले, चला, माझ्या आजोबांचं गाव बघून येऊ. ते गाव हुन्सर्युक भागातलं. ऱ्हाइन, मोझेल आणि नाहे या नद्यांच्या मधला हा डोंगराळ प्रदेश. काळ्या स्लेटच्या छपरांची घरं, जंगल, वारा, आणि बेताची जमीन. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांना ते आवडणार नाही.

चर्चला कुलूप होतं. जर्मन खेड्यातलं प्रोटेस्टंट चर्च आठवड्यातला बराच वेळ बंदच असतं. तीन-चार गावांना मिळून एक पाद्री. किल्ली कुठेतरी शेजारी असते. तिसऱ्या घरातल्या बाईंनी हात पुसत पुसत ती आणून दिली आणि विचारलं, ‘ब्राझील की अमेरिका?’ म्हणजे पूर्वज शोधायला येणारे लोक त्यांच्या ओळखीचे झाले होते. व्याही म्हणाले, ‘कोलोन.’ बाई जरा हिरमुसल्या.

आत पांढऱ्या भिंती, लाकडी सज्जे, आणि वर ऑर्गन. या भागात स्टुम नावाचं ऑर्गन बांधणारं घराणं होऊन गेलं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून कितीतरी पिढ्या. खेड्यापाड्यांतल्या चर्चमध्ये त्यांचे ऑर्गन आजही वाजतात. खाली दगडी बाप्तिस्मापात्र. व्याही त्यावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. ‘इथे,’ ते म्हणाले, ‘सतराव्या शतकापासून.’ माझी नजर नेमकी दारावरच्या दगडाकडे गेलेली. त्यावर बांधकामाचं साल कोरलेलं होतं आणि ते सतराव्या शतकातलं नव्हतं, शंभर वर्षांनी नंतरचं होतं. जुनं चर्च पाडून हे बांधलेलं. पात्र जुनं असेल, नसेल. मी गप्प बसलो. तत्त्वज्ञान शिकवून चाळीस वर्षं झाली की माणसाला कुठे बोलू नये एवढं तरी कळतं.

बाहेर दफनभूमीत तर पूर्वज नव्हतेच. हे आपल्याला नवल वाटेल. जर्मनीत कबर कायमची नसते. बहुतेक ठिकाणी वीस-तीस वर्षांसाठी जागा मिळते. पुढे कुणी मुदत वाढवली नाही तर दगड काढतात आणि तिथे दुसरा माणूस पुरतात. समुद्र ओलांडून आलेली मंडळी आडनाव शोधत दफनभूमीत फिरतात आणि त्यांना ते सापडतं ते भलतीकडे: युद्धस्मारकावर. १९१४ ते १९१८, १९३९ ते १९४५. तिथे तीच चार-पाच आडनावं पुन्हा पुन्हा.

आणि नोंदवही? ती चर्चमध्ये नव्हतीच. या प्रांतातल्या जुन्या प्रोटेस्टंट नोंदवह्या बोप्पार्डच्या संग्रहात नेऊन ठेवलेल्या, कॅथलिकांच्या ट्रीरला. आता बरंचसं घरबसल्या संगणकावर दिसतं. आर्खिऑन नावाचं प्रोटेस्टंट चर्चचं संकेतस्थळ २०१५ पासून सुरू आहे. म्हणजे गावाला जायची तशी गरज काहीच नाही. तरी माणसं जातात. का जातात, हा आजचा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न व्याह्यांच्या खिशात होता. त्याकडे येतो.

आता चित्रपट. राइट्झ १९३२ साली याच हुन्सर्युकमधल्या मोरबाखला जन्मला. १९८४ साली त्याची ‘हाइमाट’ ही अकरा भागांची, पंधरा तासांहून लांब मालिका आली. हाइमाट म्हणजे मायभूमी, पण त्याहून लहान आणि जवळचं. ‘आपलं गाव’ म्हटलं तर जास्त बरोबर. शाबाख नावाचं काल्पनिक खेडं, तिथलं सिमोन हे लोहाराचं घराणं, आणि १९१९ ते १९८२ हा काळ. दुसरी कलाकृती २०१३ सालची, ‘दी आंदेरे हाइमाट’, म्हणजे ‘दुसरं गाव’. तेच शाबाख, तेच सिमोन, पण १८४० च्या दशकातले, गावं ओस पाडून लोक ब्राझीलला निघाले तेव्हाचे. पहिली अकरा भागांची, दुसरी एका बैठकीत पावणेचार तास. घाबरू नका, मी काही कथा सांगत बसणार नाही.

पहिलीतला फक्त एक प्रसंग घेतो. पाउल सिमोन हा महायुद्धातून परतलेला तरुण १९२८ साली एके दिवशी काहीही न सांगता घर सोडून चालायला लागतो. बायको मारिया आणि दोन मुलगे मागे. तो अमेरिकेत जातो, तिथे विजेच्या उपकरणांचा धंदा उभारतो. १९३९ च्या उन्हाळ्यात तो परत येतो. जहाज हांबुर्गच्या बंदराला लागलेलं आहे. मारिया त्याला भेटायला धक्क्यावर आलेली आहे. आणि पाउलला खाली उतरता येत नाही. का? त्याच्याजवळ आर्यवंशाचा दाखला नाही, आणि ‘सिमोन’ हे आडनाव अधिकाऱ्यांना ज्यू वाटतं. गावाकडे आजोबा-पणजोबांच्या कागदांची धावाधाव. कागद वेळेत पुरे होत नाहीत. तोवर युद्ध सुरू होतं आणि जहाज त्याला घेऊन माघारी जातं.

अकरा वर्षांनी आलेला नवरा आणि त्याची बायको यांच्यामध्ये काय उभं राहिलं? एका खेड्यातल्या चर्चची नोंदवही. मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तेव्हा, इतरांप्रमाणेच, मारियाकडे बघत होतो. मारिता ब्रॉयर ही नटी काम करते तिचं, आणि दुसरीकडे बघणं अवघडच आहे. पुष्कळ वर्षांनी, व्याह्यांबरोबर त्या गावाला जाऊन आल्यावर, पुन्हा पाहिला. तेव्हा नोंदवही दिसली.

ही नोंदवही आहे काय, ते थोडक्यात सांगतो. कॅथलिकांमध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली विवाहांची नोंद सक्तीची केली. प्रोटेस्टंट संस्थानांत काही ठिकाणी त्याच्याही आधी. ब्रांडेनबुर्ग-आन्सबाखच्या चर्चनियमात १५३३ सालीच. वुर्टेम्बर्गमध्ये १५५८ पासून. पुढे तीस वर्षांचं युद्ध झालं, १६१८ ते १६४८, त्यात गावं जळली तशा वह्याही जळल्या. म्हणून पुष्कळ गावांत वही युद्धानंतरच सुरू होते आणि पूर्वजांची साखळी तिथेच तुटते. सरकारी जन्म-मृत्यू नोंद सगळ्या जर्मन साम्राज्यात १ जानेवारी १८७६ पासून आली. ऱ्हाइनच्या पश्चिमेला, म्हणजे हुन्सर्युकमध्येही, फ्रेंचांनी ती १७९८ पासूनच लावली होती. त्याआधीचं सगळं पाद्र्याच्या हातचं. बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू. कॅथलिक असेल तर बहुधा लॅटिन, प्रोटेस्टंट असेल तर जर्मन, आणि लिपी कुरेंट. आपल्या मोडीसारखीच तिची गत झाली; आज वाचणारे थोडे.

आता मुद्द्याचं. पाद्री काय लिहीत होता? तो वंश लिहीत नव्हता. मूल जन्मलं ही बातमी त्याच्या दृष्टीने दुय्यम. कित्येक जुन्या नोंदींत जन्मतारीख नसतेच, बाप्तिस्म्याची असते. तो लिहीत होता की अमुक दिवशी या जिवाला आम्ही मंडळीत घेतलं आणि अमुक अमुक साक्षीला होते. बोप्पार्डला आम्ही व्याह्यांच्या एका पणजीच्या पणजीची नोंद पडद्यावर काढली. १७४० च्या दशकातली. आईबापांना मिळून एक ओळ. आणि खाली धर्ममातापित्यांना चार ओळी: गिरणीवाल्याची बायको, गावचा पाटील म्हणावा असा शुल्टहाइस, मुलीची अविवाहित मावशी, आणि गावचा गुराखी. मुलीला नाव मिळालं ते गिरणीवालीचं. व्याही भराभर आईबापांची नावं टिपून पुढच्या पानाकडे निघाले. मी म्हटलं, थांबा की, हे चौघं कोण? ते म्हणाले, ‘ते आमच्यातले नाहीत.’

हे वाक्य मी टिपून ठेवलं. ‘आमच्यातले नाहीत.’ नोंद लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तेच तर मुख्य होते! बाळंतपणात आई गेली, बाप लढाईत गेला, तर त्या पोरीला वाढवायची जबाबदारी त्यांनी त्या पाण्यासमोर घेतली होती. गुराखीही त्यात होता. ती मुलगी नंतर तीन आठवड्यांची होऊन गेली. मृत्यूच्या वहीत वय आठवडे आणि दिवसांत लिहिलं आहे. दोन वर्षांनी पुढची मुलगी झाली आणि तिला तेच नाव ठेवलं. व्याह्यांची पूर्वज ती दुसरी. पहिली कुणाचीच पूर्वज नाही. म्हणून वंशवृक्षात तिला जागा नाही, पण वहीत आहे, आणि पाद्र्याने तिला दुसरीइतक्याच ओळी दिल्या आहेत.

सगळं असं गोड नाही हेही सांगायला हवं. लग्नाशिवाय झालेल्या मुलाची नोंद काही पाद्री पान उलटं धरून करत, म्हणजे ती वहीत डोकं खाली पाय वर दिसते, मुद्दाम. आईचं नाव असतं, बापाच्या जागी टोमणा असतो. वही मंडळीत घेते तशी मंडळीतून ढकलतेही. राइट्झच्या १९८४ च्या मालिकेत आपोलोनिया नावाची काळ्या केसांची मुलगी आहे. गाव तिला जिप्सी म्हणतं, फ्रेंच सैनिकापासून मूल झालं म्हणून वाळीत टाकतं, आणि पाउलचं खरं मन तिच्याकडे असतं. राइट्झला हे उलटं लिहिणारं गाव ठाऊक आहे. याबाबतीत त्याच्यावर भाबडेपणाचा आरोप करणारे टीकाकार मला पटत नाहीत.

पण एक आरोप जुना आहे आणि तो टाळता येत नाही. १९७९ च्या जानेवारीत पश्चिम जर्मनीत ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकन मालिका दाखवली गेली आणि देश हादरला. राइट्झ मात्र चिडला. अमेरिकनांनी आमचा इतिहास आमच्याकडून काढून घेतला, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता, आणि ‘हाइमाट’ हे बऱ्याच अंशी त्याचं उत्तर होतं. मग टीकाकारांनी विचारलं, या पंधरा तासांत ज्यू कुठे आहेत? उल्लेख आहेत, पण ओझरते. बचाव असा केला जातो की खेड्यातल्या माणसाला ते दिसलंच नव्हतं, मग कॅमेऱ्याने कसं दाखवावं? हा बचाव मला फार दिवस पटत होता. शाबाखपासून, म्हणजे शाबाख ज्या भागात कल्पिलं आहे तिथून जवळच, लाउफर्सवाइलर नावाचं खरंखुरं खेडं आहे. तिथे ज्यूंची वस्ती होती आणि १९११ साली बांधलेलं सिनेगॉग आजही उभं आहे. प्रार्थना करणारे नाहीत. हुन्सर्युकच्या खेड्यातल्या माणसाला ज्यू शेजारी दिसत होता. गुरांच्या व्यवहारात, दुकानात रोज भेटत होता. शाबाखमध्ये असं घर नाही, हा लेखकाने केलेला निर्णय आहे.

माझा आक्षेप मात्र याच्या थोडा पुढचा आहे, आणि तो बंदरावरच्या प्रसंगाबद्दल आहे. पाउलला कागद मिळत नाही तेव्हा आपण कुणाच्या बाजूने असतो? पाउलच्या. आपल्याला ठाऊक असतं की तो ‘खरा’ सिमोन आहे, शाबाखच्या लोहाराचा मुलगा. येशूच्या शिष्याच्या नावावरून आलेलं हे आडनाव ख्रिस्ती शेतकऱ्यांतही असतं. म्हणजे अन्याय कोणता, तर चुकीच्या माणसावर संशय घेतला हा! प्रसंगाची सगळी करुणा या चुकीवर उभी आहे. पण त्याच बंदरात, त्याच उन्हाळ्यात, ज्याच्यावरचा संशय ‘बरोबर’ होता तो माणूसही असणार. पाउल अमेरिकेला परत जाऊ शकतो, त्याच्याकडे तिथे कारखाना आहे. त्या दुसऱ्या माणसासाठी राइट्झकडे एक चौकटही नाही. नोंदवही पडद्यावर येते ती प्रेमातला अडथळा म्हणून. तिचा दुसऱ्या कुणासाठी काय अर्थ होता, ते आपण विचारण्याआधीच जहाज निघून जातं.

काय अर्थ होता? ७ एप्रिल १९३३ चा सरकारी नोकरांबद्दलचा कायदा आला आणि लाखो लोकांना आजी-आजोबांपर्यंतचे दाखले काढावे लागले. १५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गचे कायदे आले. एसएसमध्ये तर साध्या सैनिकाला १८०० पर्यंतचे आणि अधिकाऱ्याला १७५० पर्यंतचे पूर्वज दाखवावे लागत. दाखले कोण देणार? १८७६ च्या मागचं सगळं चर्चमध्येच. खेड्यापाड्यांतले पाद्री रात्र रात्र बसून उतारे काढत आणि शिक्के मारत. त्यात नाझी होते, नाझींचे विरोधक होते, आणि बहुसंख्य नुसते कामसू होते.

यातली तार्किक गंमत, गंमत म्हणवत नाही खरं तर, नीट बघा. कायदा ‘रक्ता’विषयी बोलतो. पण रक्त तपासायची सोय कुणाकडेच नव्हती, कारण तो शोधत होता ते रक्तात नसतंच. मग १९३५ च्या कायद्याच्या पुरवणी नियमांनी काय केलं? आजी किंवा आजोबा ज्यू धर्मसमाजाचे सभासद असले की ते वंशाने पूर्ण ज्यू, असं धरून चालायचं ठरवलं. म्हणजे वंशाचा पुरावा धर्म, आणि धर्माचा पुरावा चर्चच्या किंवा सिनेगॉगच्या वहीतली एक ओळ. तर्कशास्त्रात याला चक्रदोष म्हणतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचे याला गुण कापले जातात.

आणि वहीचं काय झालं पाहा. एकोणिसाव्या शतकात एखाद्या ज्यू कुटुंबाने बाप्तिस्मा घेतला की पाद्री ते आनंदाने, सविस्तर लिहून ठेवी: पूर्वीचा धर्म, पूर्वीचं नाव. त्याच्या धर्मशास्त्राप्रमाणे त्या पाण्याने जुनी ओळख पुसली गेली होती. शंभर वर्षांनी नेमकी तीच ओळ पुसलेलं परत काढायला वापरली गेली. बर्लिनमध्ये कार्ल थेमेल नावाच्या प्रोटेस्टंट पाद्र्याने १९३६ साली शहरातल्या जुन्या नोंदवह्यांचं केंद्र उभारलं आणि बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंची वेगळी कार्डं तयार करवली. त्याने स्वतः कुणाला मारलं नाही. वर्णानुक्रम लावला. युद्धानंतर तो पुन्हा पाद्री झाला आणि चर्चच्या दफ्तराशी त्याचा संबंध पुढेही राहिला.

हे सगळं मी वाचलेलं होतं. पण बोप्पार्डच्या त्या वाचनदालनात व्याह्यांनी खिशातून काढून टेबलावर ठेवलं ते एक लहानसं पुस्तक, आनेनपास. पूर्वजांचं पारपत्र म्हणा. त्यांच्या वडिलांनी १९३० च्या दशकात रेल्वेच्या नोकरीसाठी काढलेलं. आत चौकटी: १ म्हणजे तुम्ही, २ वडील, ३ आई, ४ ते ७ आजी-आजोबा, याप्रमाणे दुप्पट होत जाणारे आकडे. ही मोजणी नाझींची नव्हे. ती १८९८ साली श्टेफान केकुले फॉन श्ट्राडोनिट्झ याने रूढ केली. बेंझिनचं वलय ज्याला सुचलं त्या रसायनशास्त्रज्ञ केकुलेचा हा मुलगा. आजही जगभरचे वंशशोधक हेच आकडे वापरतात. बापाने अणू वलयात बसवले, मुलाने माणसं चौकटीत. असो.

प्रत्येक चौकटीखाली पाद्र्याची सही, गोल शिक्का. व्याही मला कौतुकाने म्हणाले, ‘हे असल्यामुळे माझं निम्मं काम वाचलं. सगळ्या तारखा तपासलेल्या आहेत.’ आणि ते खरंच आहे. जर्मनीत पूर्वज शोधायला बसलेल्या कितीतरी घरांत पहिला धागा हाच असतो, पोटमाळ्यावर सापडलेलं हे पुस्तक. गावोगावच्या कुटुंबांची छापील पुस्तकं निघतात, त्या प्रकल्पालाही १९३० च्या दशकात सरकारी वंशशास्त्राने जोर दिला होता. आज ती कामं करणारी माणसं साधी, हौशी, सज्जन असतात. व्याही सज्जनच आहेत. मी एवढंच विचारलं, ‘वडिलांना हे काढताना काय वाटलं असेल?’ ते म्हणाले, ‘सगळ्यांनाच काढावं लागायचं.’ मग थोड्या वेळाने, ‘आम्ही कधी विचारलं नाही.’

आमचा नातू तेव्हा आठ वर्षांचा होता. शाळेत वंशवृक्ष काढून आणायला सांगितलेला, म्हणून तर या सगळ्याला गती आली होती. तो मला आजोबा म्हणतो आणि त्यांना ओपा. त्या पुस्तकाच्या चौकटींत तो कुठे बसला असता, हा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला असणार. बोललं कुणीच नाही.

आपल्याकडे बोट वळवायला मला आवडत नाही असं नाही, तेव्हा एक कंस. व्याह्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय असतं? मी आमचा छापील कुलवृत्तांत आठवून सांगितलं. त्यात पुरुषांच्या शाखा तेराव्या पिढीपर्यंत आहेत. माझी आई सासरच्या नावाने आहे, माहेरचं आडनाव कंसात. माझी मुलगी आहे, आणि तिच्यापुढे रेघ संपते. जर्मन नोंदवहीत निदान बाईचं जन्माचं आडनाव बऱ्याचदा येतं. कंस पुरा.

तत्त्वज्ञानवाल्यांनीही याबाबतीत फार मिजास करू नये. कांटने उतारवयात एका पत्रात लिहिलं की आपले आजोबा स्कॉटलंडहून आले. कागद तपासले तर घराणं बाल्टिक किनाऱ्यावरचं निघालं. नीत्शे तर रोकेन या खेड्यातल्या पाद्र्याचा मुलगा. तिथेच १८४४ साली जन्मला आणि त्याच चर्चच्या भिंतीशी पुरला गेला. आयुष्यभर स्वतःला पोलिश उमरावांचा वंशज म्हणवून घेत असे, जर्मनांना खिजवायला. पुढे त्याच्याच नात्यातल्या माक्स ओलरने १९३० च्या दशकात त्याच्या पूर्वजांची यादी काढली. सगळी नावं जर्मन! हे कोणत्या दशकात आणि कोणाच्या सोयीसाठी सिद्ध झालं, ते ध्यानात घ्या. ओलरचं संशोधन बरोबर होतं आणि नीत्शेची थाप चूक होती, आणि तरीही त्या दोघांत मला थाप जास्त सभ्य वाटते.

आता २०१३ चा चित्रपट. राइट्झ तेव्हा ऐंशी ओलांडून गेलेला. माझ्या मते या चित्रपटात त्याने स्वतःच्या बंदरावरच्या प्रसंगाला उत्तर दिलं आहे, त्याला ते अभिप्रेत असो वा नसो. याकोब हा लोहाराचा धाकटा मुलगा कामचुकार, पुस्तकात डोकं घालून बसलेला. ब्राझीलच्या आदिवासींच्या भाषा शिकतो. जायचं आहे त्याला. पण जातो कोण? थोरला भाऊ गुस्टाफ, याकोबचं प्रेम असलेल्या येट्शनला घेऊन. साथीत गावातली पोरं पटापट मरतात, त्यांचीही मुलगी जाते, आणि ती दोघं निघतात. याकोब राहतो. चित्रपट कृष्णधवल आहे, मधूनच एखादी वस्तू तेवढी रंगीत होते.

इथे वंशशोधकाचा चष्मा लावून पाहा. ब्राझीलच्या दक्षिणेला १८२४ पासून साओ लिओपोल्दोला जर्मनांची वसाहत झाली. हुन्सर्युकची बोली तिकडे आजही बोलतात. समजा तिथून गुस्टाफची खापरपणती किल्लीवाल्या बाईंकडे आली. ती काय घेऊन येईल? ‘आमच्या पूर्वजाने मोठं स्वप्न पाहिलं आणि समुद्र ओलांडला.’ स्वप्न तर याकोबचं होतं, आणि याकोब तिचा पूर्वज नाही. साथीत गेलेली ती मुलगीही तिची पूर्वज नाही, पण तिच्या मरणामुळेच हे घर हललं. आकड्यांच्या चौकटीत हे बसत नाही.

आणि लेना. ही याकोबची बहीण. तिने कॅथलिक माणसाशी लग्न केलं म्हणून बापाने तिला तोडलं. म्हणजे शाबाखच्या प्रोटेस्टंट वहीतून ती गेली ती मोझेलकाठच्या कुठल्यातरी कॅथलिक वहीत. एका दिवसाच्या चालीवर, आणि तरी ब्राझीलपेक्षा लांब. शोधणाऱ्याला वाटतं की आपलं घराणं ‘पहिल्यापासून प्रोटेस्टंट’. शेजारच्या फाल्झ प्रांतात राजा बदलला की धर्म बदलायचा, सोळाव्या-सतराव्या शतकात कितीदा तरी. १६९८ साली तिथल्या राजाने एकेक चर्च दोन्ही पंथांत वाटून वापरायला लावलं. काही ठिकाणी मध्ये भिंत घातली. त्या भिंतीच्या अलीकडे पलीकडे एकाच आडनावाची माणसं आहेत. १९८४ च्या मालिकेत गावाचा दोष बाहेरून येणाऱ्या सत्तेत शोधायचा मोह होता. इथे गाव स्वतःच्या मुलीला तोडताना दिसतं, १९३३ च्या नव्वद वर्षं आधी, कुठल्याही सरकारी हुकुमाशिवाय. म्हणून हा चित्रपट मला जास्त प्रामाणिक वाटतो. त्यात ज्यू नाहीतच, हा आक्षेप इथेही राहतो. मी तो मागे घेत नाही.

तर माणसं गावाला का जातात? वही संगणकावर असताना? मला वाटतं, कागदावर फक्त आपली रेघ मिळते म्हणून. जमीन, दार, किल्लीवाली बाई, युद्धस्मारक, उभं गाव मिळतं तिथे गेल्यावरच. आणि मग बहुतेक जण तिथे जाऊनही पुन्हा आपली रेघच शोधतात. आम्हीही तेच केलं. परत निघताना लाउफर्सवाइलरची पाटी लागली, वळण डावीकडे होतं. मी म्हटलं, जाऊ या का? व्याह्यांनी गाडी हळू केली. सिनेगॉगपाशी आम्ही पाचेक मिनिटं थांबलो. त्यांनी फोटो काढला नाही.

नातवाचा वंशवृक्ष शेवटी एका मोठ्या कागदावर झाला. त्याने माझ्या बाजूला आणि ओपाच्या बाजूला तेवढीच जागा ठेवली, आणि मांजरही घातलं. गिरणीवालीचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘ती कोण?’ मी सांगितलं. त्याने ती एका कोपऱ्यात काढली, पिठाच्या पोत्यासकट.

गेल्या वर्षी व्याही वारले. मुलीने त्यांचे कागद लावताना मला फोन केला. आनेनपासमध्ये घडी घातलेला एक कागद होता, त्यांच्या अभियंत्याच्या टापटीप अक्षरात. पुस्तक कुणी काढलं, कोणत्या साली, कोणत्या कायद्याखाली, कोणत्या नोकरीसाठी. आणि कोणत्या गावाच्या कोणत्या पाद्र्याने शिक्का मारला, ते चौकटीगणिक. शेवटी आम्ही बोप्पार्डला गेलो होतो ती तारीख. बाकी काही नाही. ‘बाबा, याचं काय करू?’ तिने विचारलं. मी म्हटलं, दोन्ही एकत्रच ठेव.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.